कॅम्परव्हॅन भाड्याने द्यायची? आधी आरसी बुक उघडा

करोनाच्या काळानंतर पुण्यात स्वतःची कॅम्परव्हॅन बाळगणारी कुटुंबं दिसू लागली. कुणी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा आणि छोटं टॉयलेट बसवून घेतलं, कुणी टाटा विंगरवर तेच केलं, तर कुणी साध्या मारुती ईकोच्या मागच्या सीट काढून फोमची गादी टाकली. गाडी दारात आली की पहिलं वर्ष उत्साहात जातं: दिवेआगर, भंडारदरा, गणपतीपुळे. मग मुलांच्या परीक्षा येतात, ऑफिसची कामं येतात आणि गाडी महिनामहिना सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता जातो. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, ‘दोन दिवस देता का? भाडं देऊ की!’ आणि घरात हिशेब सुरू होतो.

हा हिशेब बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. एका रात्रीचे किती मिळतील इथून सुरुवात करतात, आणि पासिंग, विमा, जबाबदारी हे विषय ‘बघू नंतर’ म्हणून मागे राहतात. माझं म्हणणं असं, की भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी मांडावा. आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर तो मांडायची गरजच उरत नाही.

पहिला प्रश्न पासिंगचा. आरसी बुक काढा आणि गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे ते वाचा. केंद्र सरकारच्या वाहनांच्या वर्गवारीत खासगी वापराची कॅम्परव्हॅन ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’मध्ये येते आणि व्यवसायासाठी वापरलेली ‘ट्रान्सपोर्ट’मध्ये. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर तुमची गाडी खासगी आहे. टॅक्सी पासिंगची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. भाड्याने घेऊन ग्राहकाने स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पाट्यांचे हे रंग लांबून ओळख पटावी म्हणून आहेत आणि रस्त्यावरचा आरटीओ इन्स्पेक्टर तेच आधी बघतो.

पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली की मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ती विनापरवाना भाड्याची गाडी ठरते. कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम २०७ खाली गाडी जागेवरच अडकवून ठेवता येते. ‘अ‍ॅपवर तर कितीतरी पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने लागलेल्या दिसतात’ असं पुष्कळ जण सांगतात. दिसतात हे खरं. पण दंड होतो तो गाडीच्या मालकाला, आणि शेजाऱ्याची गाडी अजून कुणी अडवली नाही म्हणून आपली कायदेशीर होत नाही.

मग एकट्या मालकाने सेल्फ-ड्राइव्हसाठी रीतसर परवाना घ्यावा का? त्यासाठी केंद्राची १९८९ सालची ‘रेंट-अ-कॅब’ योजना आहे, पण तिच्या अटींत किमान ५० गाड्या लागतात. शिवाय ती मोटार कॅबसाठी, म्हणजे ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंतच्या गाडीसाठी आहे. एका कॅम्परव्हॅनच्या मालकाला हे दार बंदच आहे. त्याच्यासाठी खुला असलेला सरळ रस्ता म्हणजे गाडी व्यावसायिक वर्गात बदलून घेणं, परमिट काढणं आणि ड्रायव्हरसह भाड्याने देणं.

याला जोडून आणखी एक गोष्ट तपासा. गॅरेजमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, पण तो बदल आरसीवर चढवला का? कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. अशी मानकं जी संस्था प्रसिद्ध करते ती १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय आपल्याच कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. पुणेकरांना ती टेकडी फिरायला जायची म्हणून माहीत असते. तिथल्या मानकांप्रमाणे मंजूर झालेली बॉडी आणि गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये जमवलेली बॉडी यांतला फरक अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बरोबर दाखवून देतो. आरसीवर आजही ‘पॅसेंजर व्हॅन’ असंच लिहिलेलं असेल, तर भाड्याचा विषय बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

दुसरा प्रश्न विम्याचा, आणि खरं नुकसान इथे होतं. खासगी गाडीची पॉलिसी घ्या आणि ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ हा मजकूर शोधा. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर केला तर संरक्षण नाही, असं तिथे चक्क लिहिलेलं असतं. ‘फुल इन्शुरन्स आहे’ म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाने ही ओळ एकदा मोठ्याने वाचावी. भाड्याने दिलेली तुमची व्हॅन ताम्हिणी घाटात उलटली, तर गाडीची भरपाई नाकारण्याचा विमा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. बावीस लाखांची गाडी गेली तर ती तुमची गेली, आणि उरलेले हप्तेही तुमचेच.

त्याहून गंभीर बाब समोरच्या माणसाची. तुमच्या गाडीने कुणाला उडवलं, तर जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली पाहिजे हे न्यायालयं बघतात, आणि ते योग्यच आहे. परमिट नसताना गाडी भाड्याने चालवणं हा मूलभूत कायदेभंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृतपाल सिंग खटल्यात म्हटलं. त्याचा परिणाम असा होतो, की विमा कंपनी आधी भरपाई देते आणि मग ती सगळी रक्कम मालकाकडून वसूल करते. त्याच वर्षी नवीन कुमार खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. गाडी त्या दिवशी कुणाच्या ताब्यात होती, ती कोण चालवत होता, हे सांगून मालक मोकळा होत नाही. दोन रात्रींच्या भाड्यासाठी काही लाखांची, कधी कोटीच्या जवळ जाणारी देणेदारी डोक्यावर घ्यायची का, हे ठरवताना घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं.

पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ‘ओनर-ड्रायव्हर’चा असतो, म्हणजे मालक स्वतः चालवत असतानाचा. भाड्याने नेणारा आणि त्याची माणसं त्यात येत नाहीत. व्यावसायिक पॉलिसी घेताना प्रवाशांची जबाबदारी किती जणांसाठी आणि किती रकमेची आहे, पगारी ड्रायव्हर त्यात आहे का, आत बसवलेला फ्रिज, सोलर, बॅटरी यांचं मूल्य धरलं आहे का, हे एजंटला तोंडी विचारू नका. विमा कंपनीला ई-मेल पाठवा आणि उत्तर लेखी मागा. एजंट ‘काही नाही होत साहेब’ म्हणाला, हा पुरावा दाव्याच्या वेळी चालत नाही.

या दोन्ही गोष्टींची तजवीज करायची तयारी असेल तरच आता पैशांकडे वळू. खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचे आकडे घालून हीच मांडणी वहीत करा.

समजा, पंधरा लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी आहे. हप्ता साधारण ३१,८७० रुपये. समजा, वर्षाला साठ रात्री गाडी जाते आणि रात्रीला सात हजार मिळतात. वर्षाचे झाले ४,२०,००० रुपये. ऐकायला छान वाटतं, कारण वर्षाचे हप्ते ३,८२,००० च्या आसपास आहेत आणि ‘हप्ता सुटला’ असं वाटतं. आता खर्च काढा. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचं २० टक्के कमिशन म्हणजे ८४,०००. दोन रात्रींच्या तीस खेपा धरल्या, तर प्रत्येक खेपेनंतर धुलाई, चादरी, टाकी रिकामी करणं यांचे दीड हजार, म्हणजे ४५,०००. व्यावसायिक विमा, कर, परमिट, फिटनेस मिळून ८०,००० धरू. टायर, सर्व्हिसिंग, किरकोळ मोडतोड ६०,०००. ड्रायव्हरचा भत्ता गिऱ्हाइकाकडून वेगळा घेतला असं समजू. हातात उरले १,५१,०००, म्हणजे महिन्याला साडेबारा हजारांच्या थोडं वर. हप्त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. आणि गाडीची किंमत घटते आहे ती यात धरलेलीच नाही. पिवळ्या पाटीची, पुष्कळ फिरलेली गाडी विकायला काढली की भाव पडतो हे वेगळं.

साठ रात्री हा आकडा तरी खरा आहे का? पुण्यातून मागणी येते ती शनिवार-रविवारची, दिवाळीची, नाताळ ते नववर्षाची आणि जुलै-ऑगस्टमधल्या हिरव्या ताम्हिणीची. मंगळवारी भंडारदऱ्याला कोण जातं? म्हणजे ज्या दिवशी गाडीला भाडं येतं, नेमक्या त्याच दिवशी तुमच्या मुलांना सुट्टी असते. ही गाडी तुम्ही कशासाठी घेतली होती? कुटुंबासोबत फिरायला घेतली असेल, तर तिने कमावलेला प्रत्येक चांगला वीकएंड तुमच्या सहलीतून वजा होतो. मला विचाराल तर एवढ्या एका कारणावरून बऱ्याच घरांनी हा नाद सोडून द्यावा.

कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीशिवाय वर्ग बदलता येत नाही, आणि व्यावसायिक वर्गात गेल्यावर करही वेगळा बसतो. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करून घ्यावा लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज साधारणपणे पडत नाही, पण मिळालेलं भाडं आयकरात दाखवावंच लागतं. भाड्याच्या गाड्यांना मिळणारा ३० टक्के घसारा लागू होतो का, हे तुमच्या सीएला विचारा.

ड्रायव्हरसह द्या असं मी वर म्हटलं, ते केवळ कायद्यासाठी नव्हे. कारची सवय असलेला माणूस साडेतीन टनांच्या आसपासची, उंच, मागे पाण्याची टाकी हिंदकळत असलेली गाडी पहिल्यांदाच हातात घेतो तेव्हा काय होतं ते नवले पुलाच्या उतारावर उभं राहून बघा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नऱ्ह्याकडे रस्ता सलग खाली येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे आणि खाली येईपर्यंत ब्रेक तापवून बसणारे तिथे वर्षानुवर्षं अपघात करत आले आहेत. जड गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून, इंजिनाच्या जोरावर आवरायची असते. हे कौशल्य वाहन परवान्याच्या कार्डावरून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं, की साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. त्यामुळे ड्रायव्हर शोधणं सोपं झालं आहे, पण कागदावर पात्र असणं वेगळं आणि घाटात गाडी सांभाळता येणं वेगळं. ड्रायव्हर ठेवताना स्वतः त्याच्या शेजारी बसून वरंध किंवा ताम्हिणी एकदा उतरवून बघा.

आणि चावी अल्पवयीनाच्या हातात कधीच जाता कामा नये. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला जो अपघात झाला, त्यात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी कशी गेली हा प्रश्न सगळ्या शहराने विचारला. कलम १९९-अ प्रमाणे अशा वेळी पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द. गाडी वडिलांनी नेली आणि रात्री चावी मुलाने घेतली, तरी नोंदीत नाव तुमचंच असतं.

गाडीच्या आतला धोका वेगळा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणं नियमाबाहेर आहे; त्यासाठी व्यावसायिक सिलिंडर किंवा दुकानात मिळणारी पाच किलोची छोटी टाकी घ्यावी. प्रत्येक खेपेआधी रेग्युलेटर आणि रबरी नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गाडी हलवू नका. डिसेंबरात महाबळेश्वर, भंडारदऱ्याला कडाक्याची थंडी पडते, तेव्हा काही जण पेटलेली शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. शेगडी, कोळसा, जनरेटर आत किंवा खिडकीलगत चालणार नाही, ही अट करारात लिहा. शिवाय निघताना गिऱ्हाइकाला समोर उभं करून तोंडानेही सांगा. आत अलार्म बसवा, तो हजार-दोन हजारांत येतो.

टॉयलेटची टाकी हा पुण्यातल्या मालकांचा कायमचा त्रास आहे. महामार्गावर ती रिकामी करण्याची सार्वजनिक सोय जवळजवळ नाहीच. सांगितलं नाही तर गिऱ्हाईक ती पवना किंवा मुळशीच्या काठाला ओतून येतं, आणि ते पाणी पुढे कुणाच्या तरी घशात जातं. टाकी भरलेली परत आली तरी चालेल, पण वाटेत ओतायची नाही, असं ठरवून घ्या आणि ती रिकामी करायची सोय घरी किंवा ठरलेल्या रिसॉर्टवर करून ठेवा. धरणाच्या पाण्यालगतची जमीन बहुतेक ठिकाणी जलसंपदा खात्याची असते, तिथे गाडी लावायची परवानगी गृहीत धरता येत नाही. आणि पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत चाक रुतलं की गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, त्याचे पैसे कोणी द्यायचे हे आधीच लिहिलेलं बरं.

सोसायटीलाही विसरू नका. पुण्यात पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटरची. सहा मीटर लांबीची आणि अडीच मीटरच्या आसपास उंचीची व्हॅन त्यात मावत नाही. दर शुक्रवारी रात्री अनोळखी माणसं बॅगा, बादल्या, कुलर घेऊन गेटवर आली तर कमिटी पत्र देणारच. व्यवसाय करायचा तर वाघोली, मांजरी, भूगाव अशा बाजूला भाड्याची जागा घ्यावी लागेल आणि तो खर्चही वरच्या हिशेबात धरावा लागेल.

मला अधिक पटणारा मार्ग तिसराच आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, आणि बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ पासून कृषी पर्यटन चालू आहे. तुमच्या किंवा नातलगाच्या शेतावर, मुळशी-भोर-राजगड भागात, कॅम्परव्हॅन एका जागी उभी करून मुक्कामासाठी दिली, तर गाडी गिऱ्हाइकाने चालवायचा प्रश्नच येत नाही. अपघाताची जबाबदारी, न्यूट्रलचा उतार, चलन, सगळं बाजूला पडतं. शोषखड्डा पक्का करता येतो, वीज घेता येते, बाहेर चूल पेटवता येते. पैसे कमी मिळतील, पण रात्री झोप लागेल. अर्थात, जमीनमालकाशी लेखी करार, नोंदणी आणि त्या जागेचा वेगळा विमा इथेही हवा.

तरीही द्यायचंच ठरलं, तर गाडी सोपवताना घाई करू नका. गिऱ्हाईक समोर असताना गाडीभोवती एक फेरी मारून सगळा व्हिडिओ घ्या: चारही टायर, काचा, छत, बाहेर ओढायचा मांडव. आत जाऊन पाण्याची टाकी, बॅटरीचा आकडा, फ्रिज, गॅसचा कॉक दाखवा आणि प्रत्येक वस्तू त्याच्या हाताने सुरू करून बघायला लावा. पुस्तिकेपेक्षा हे दहा पटीने उपयोगी पडतं, कारण रात्री अकरा वाजता पवनेच्या काठावरून फोन येतो तो ‘लाइट लागत नाही’ म्हणून, आणि बहुतेक वेळा मुख्य स्विच बंद असतो. ओळखपत्र डिजिलॉकरमधून पडताळा, झेरॉक्सवर भागवू नका. ड्रायव्हरचा परवाना एमपरिवहनवर तपासा. ई-चलन मालकाच्या नावावर येतं आणि महिन्याने येतं, म्हणून डिपॉझिट लगेच परत करू नका, तशी अट करारात ठेवा. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असतो, टोलचे पैसे वेगळे वसूल करा. रविवारी संध्याकाळी चांदणी चौक आणि द्रुतगती मार्गावर गाड्या तुंबतात, त्यामुळे परत द्यायची वेळ सोमवारी सकाळची ठेवा. उशीर झाला म्हणून कुणी गाडी पळवू नये.

मित्राला, भावाला, मामाला एकही पैसा न घेता गाडी देणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. वैध परवाना असलेल्या माणसाने तुमच्या संमतीने चालवली तर खासगी विमा लागू राहतो. इतकंच पुरेसं असेल, तर पांढरी पाटी पांढरीच राहू द्या.

दिवाळीच्या हंगामात गाडी रस्त्यावर आणायचा विचार असेल, तर ऑगस्टमध्ये सुरुवात करा. संगम पुलाजवळच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या, तुमच्या आरसीवर असेल त्या आरटीओत वर्ग बदलण्याचा अर्ज द्या, बँकेची एनओसी मागा आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत एकाही गिऱ्हाइकाचं आगाऊ बुकिंग घेऊ नका.